फास्टिफाय: नाव मराठीत असलं की वेबहुकची सिग्नेचर जुळत नाही, स्वतःचा बॉडी पार्सर लावावा का?

रानवारा

मंडळी, नोडवरच्या (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) फास्टिफाय या वेब फ्रेमवर्कबद्दल विचारायचंय, म्हणून हा धागा काढतोय. एका संस्थेचं देणग्यांचं पोर्टल सध्या माझ्याकडे आहे, कोड आधीच्या टीमने लिहिलेला, आता देखभाल मी करतो. कोणी पैसे भरले की पेमेंटवाल्यांचा सर्व्हर (नाव घेत नाही, त्याची गरजही नाही) आमच्या एका यूआरएलवर जेसॉन (मजकूर म्हणून लिहिलेला डेटा) पोस्ट करतो, यालाच वेबहुक म्हणतात, आणि हेडरमध्ये सिग्नेचर पाठवतो, एचमॅक एसएचए-२५६ वाली, म्हणजे मजकूर आणि दोघांकडचं सीक्रेट मिळून काढलेला ठसा. आम्ही आमच्याकडच्या सीक्रेटने तीच सिग्नेचर काढायची आणि जुळली तरच ८०जी ची (करसवलतीची) पावती बनवायची.

बहुतेक वेळा जुळते. काही वेळा जुळत नाही, मग आमचा सर्व्हर ४०१ (ओळख पटली नाही) देतो, पावती अडकते आणि देणगीदार संस्थेला फोन करतो, पैसे गेले पण पावती नाही म्हणून. लॉग चाळत बसलो तेव्हा लक्षात आलं की ज्यांनी फॉर्मवर नाव मराठीत टाइप केलंय त्यांच्याच अडकतायत, इंग्रजीत नाव टाकणाऱ्यांच्या सगळ्या सुरळीत. कोड बघितला तर रिक्वेस्ट डॉट बॉडी घेतलाय, त्याला जेसॉन डॉट स्ट्रिंगिफाय केलंय (ऑब्जेक्टचं परत जेसॉन) आणि त्या स्ट्रिंगवर एचमॅक काढलाय.

ऑफिसात एकजण म्हणतो कुठेतरी यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) ची सेटिंग राहिलीय, दुसरा म्हणतो स्वतःचा बॉडी पार्सर (आलेला मजकूर वाचून त्याचा ऑब्जेक्ट करणारं फंक्शन) लाव. डॉक्समध्ये ॲडकंटेंटटाइपपार्सर सापडलं, पण जेसॉनचा पार्सर बदलला तर बाकीचे पन्नासेक रूट (यूआरएल) मोडतील की काय अशी धास्ती वाटतेय. काय करावं?

---

बॅकएंडवाली

यूटीएफ-८ ची सेटिंग नाहीये ही. दुसरा सहकारी बरोबर सांगतोय, पण पार्सर का लावायचा ते आधी नीट समजून घ्या म्हणजे तो कुठे लावायचा तेही कळेल.

पाठवणाऱ्याने सिग्नेचर काढलीय ती त्याने वायरवर टाकलेल्या बाइट्सवर. तुमच्याकडे ते बाइट आले, फास्टिफायने ते वाचले, जेसॉन पार्स करून ऑब्जेक्ट बनवला आणि मूळ बाइट सोडून दिले. आता तुम्ही त्या ऑब्जेक्टचं पुन्हा जेसॉन बनवताय. अर्थ तोच राहतो पण बाइट तेच राहतील याची हमी कोणीच दिलेली नाही. लखोटा फोडायचा, पत्र स्वतःच्या अक्षरात लिहून काढायचं आणि मग मूळ मोहोर त्यावर बसते का बघायचं, असं चाललंय ते.

मराठी नावांवरच का अडतंय ते सांगते. समोरचा सर्व्हर बहुधा पीएचपी किंवा पायथनमध्ये आहे. पीएचपीचं जेसॉन_एन्कोड आणि पायथनचं जेसॉन डॉट डम्प्स ही दोन्ही, वेगळं सांगितलं नाही तर, आस्की (इंग्रजी अक्षरं, अंक, साधी चिन्हं) बाहेरचं प्रत्येक अक्षर बॅकस्लॅश यू आणि चार आकडी कोड असं लिहितात. 'गणेश' हे नाव घ्या. युनिकोडमध्ये ते चार कोडपॉइंट (अक्षरांना दिलेले क्रमांक) आहेत, ग, ण, एकाराची मात्रा आणि श. समोरून ते येतं बॅकस्लॅश यू ०९१७, बॅकस्लॅश यू ०९२३, मग ०९४७, मग ०९३६ असं, एकेकाला सहा बाइट, म्हणजे एकूण २४. तुमच्याकडे पार्स झालं की ते खरंखुरं 'गणेश' होतं, आणि नोडचं स्ट्रिंगिफाय ते परत एस्केप करत नाही, सरळ देवनागरी अक्षरं लिहितं, यूटीएफ-८ मध्ये एका कोडपॉइंटला तीन बाइट, म्हणजे १२. चोवीस बाइटवर काढलेली सिग्नेचर बारा बाइटवर कशी जुळणार? इंग्रजी नावात दोन्हीकडे तेच बाइट पडतात म्हणून तिथे काही बोंब होत नाही, आणि टेस्टिंग करणारे सगळे टेस्ट टेस्ट असंच नाव टाकतात म्हणून हे कोणाला दिसलं नसणार.

---

चिंचवडकर

+१ आणि नुसतं मराठीवर थांबू नका, उद्या इंग्रजी नाववाल्यांचंही अडकेल. पीएचपी फॉरवर्ड स्लॅशसुद्धा एस्केप करतं, म्हणजे पेलोडमध्ये (आलेल्या मजकुरात) कधी एखादी लिंक आली की गेलं. रक्कम ४९९.०० अशी आकडा म्हणून आली तर जावास्क्रिप्टमध्ये ती ४९९ होते, स्ट्रिंगिफाय केल्यावर ते दोन शून्य परत येत नाहीत. ट्रान्झॅक्शन आयडी आकडा म्हणून आला आणि तो ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचा असला तर शेवटचे अंकच बदलू शकतात, म्हणजे इथे तर सिग्नेचरच्याही पुढे जाऊन डेटाच चुकतो. कोलनच्या पुढची स्पेस, नवीन ओळी, हे तर विचारूच नका, पायथनवाला डिफॉल्टने कोलन आणि स्वल्पविरामानंतर स्पेस सोडतो (तुमच्याकडे तसं असतं तर इंग्रजी नावंही अडली असती).

शिवाय फास्टिफायचीच एक गोष्ट. रूटला स्कीमा (बॉडीत काय काय असावं त्याचे नियम) लावलाय का? लावला असेल तर एजेव्ही (फास्टिफायमधली तपासणीची लायब्ररी) व्हॅलिडेशन करताना बॉडी बदलतो. डिफॉल्टने टाइप बदलून घेणं चालू असतं, म्हणजे स्कीमात नंबर म्हटलंय आणि आली "५००" अशी स्ट्रिंग तर तो तिचा नंबर करून ठेवतो. स्कीमात डिफॉल्ट किंमत दिली असेल तर ती भरतो, आणि ॲडिशनलप्रॉपर्टीज फॉल्स केलं असेल तर जास्तीच्या की काढून टाकतो. हँडलरमध्ये तुमच्या हातात येतो तो बॉडी इतक्या हातांतून गेलेला असतो.

---

रानवारा

आता डोक्यात प्रकाश पडला, दोघांचे आभार. स्कीमा आहे, आणि त्यात करन्सीला डिफॉल्ट आयएनआर दिलंय, म्हणजे उद्या तेही एक कारण होऊ शकतं.

मग आता मूळ बाइट धरून ठेवायचे कसे, आणि बाकीचे रूट तसेच राहतील असं?

---

बॅकएंडवाली

फास्टिफायमध्ये पार्सर स्कोपप्रमाणे (जिथे लावला त्या भागापुरता) चालतो, आणि मला या फ्रेमवर्कची सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच आहे. रजिस्टर करून जो प्लगिन बनवता त्याच्या आत पार्सर लावला तर तो त्या प्लगिनच्या आतल्या आणि त्याच्या पोटातल्या रूट्सनाच लागतो, बाहेर त्याचा पत्ता नसतो. म्हणून वेबहुकचे रूट एका वेगळ्या प्लगिनमध्ये काढा, प्रीफिक्स द्या स्लॅश वेबहुक्स, आणि त्या फंक्शनच्या आत ॲडकंटेंटटाइपपार्सर बोलवा. पहिलं आर्ग्युमेंट ॲप्लिकेशन/जेसॉन, दुसरं ऑप्शन्सचा ऑब्जेक्ट ज्यात पार्सॲज ला बफर द्यायचं, तिसरं तुमचं फंक्शन.

फंक्शनला रिक्वेस्ट आणि बॉडी मिळतात, बॉडी म्हणजे आख्खा बफर (कच्चे बाइट), अजून कोणी हात न लावलेला. तो रिक्वेस्टवर रॉबॉडी नावाने ठेवा (प्लगिनमध्ये आधी डेकोरेटरिक्वेस्ट करून नल देऊन ठेवा, मग इथे भरा), आणि मग त्याचं पार्सिंग करून ऑब्जेक्ट परत द्या. हँडलरला नेहमीसारखा रिक्वेस्ट डॉट बॉडी मिळेल आणि शेजारी मूळ बाइटही असतील. फंक्शन असिंक ठेवलं तर नुसतं रिटर्न करा, डन कॉलबॅक घेतला तर डन बोलवा, दोन्ही एकाच फंक्शनमध्ये मिसळू नका.

पार्सॲज स्ट्रिंग दिलं तरी बऱ्याचदा जमून जातं, पण सिग्नेचरसाठी मी बफरच घेते. यूटीएफ-८ मध्ये न बसणारा एखादा बाइट आला तर स्ट्रिंग करताना त्याच्या जागी बदली चिन्ह बसतं आणि मूळ बाइट गेला तो गेलाच.

सिग्नेचर तपासायची प्रीव्हॅलिडेशन हुकमध्ये (ठरलेल्या टप्प्यावर चालणारं तुमचं फंक्शन). क्रम असा असतो की आधी ऑनरिक्वेस्ट, मग प्रीपार्सिंग, मग पार्सिंग, मग प्रीव्हॅलिडेशन, मग स्कीमा, मग प्रीहँडलर आणि शेवटी हँडलर. ऑनरिक्वेस्टमध्ये बॉडी अजून आलेलाच नसतो, आणि स्कीमाच्या नंतर तपासलं तर खोट्या रिक्वेस्टवर व्हॅलिडेशनची मेहनत वाया जाते, शिवाय खोटी रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला तुमच्या स्कीमाचे एरर वाचायला मिळतात. तुलना करताना दोन बरोबरच्या चिन्हांनी स्ट्रिंग तपासू नका, क्रिप्टोमधलं टायमिंगसेफइक्वल वापरा, आणि त्याच्याआधी दोन्हींची लांबी तपासा, कारण लांबी वेगळी असली की ते फंक्शन एरर फेकतं आणि ४०१ च्या ऐवजी ५०० (सर्व्हरची चूक) जातो.

---

घाटावरचा

एवढं कशाला करायचं? सगळ्या रूटना मिळून एकच पार्सर लावा, कंटेंट टाइपच्या (मजकूर कुठल्या प्रकारचा ते सांगणारं हेडर) जागी स्टार द्या म्हणजे काहीही आलं तरी पकडेल, बफर घ्या, रॉबॉडी ठेवा, जेसॉन पार्स करून द्या. आम्ही दोन प्रोजेक्टला असंच केलंय, एकदाही तक्रार नाही.

---

बॅकएंडवाली

@घाटावरचा, असं कृपया करू नका, आणि इथे वाचणाऱ्या नव्या मुलांनीही करू नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फास्टिफाय स्वतःहून दोनच प्रकार ओळखतं, ॲप्लिकेशन/जेसॉन आणि टेक्स्ट/प्लेन. बाकी काही आलं की ४१५ अनसपोर्टेड मीडिया टाइप. नव्या माणसाला ते त्रासदायक वाटतं पण ते संरक्षण आहे. ब्राउझरमधून दुसऱ्या साइटवरच्या पानाने तुमच्या एपीआयला फेच केलं आणि कंटेंट टाइप ॲप्लिकेशन/जेसॉन असला, तर ब्राउझर आधी प्रीफ्लाइट पाठवून तुमची परवानगी विचारतो. पण टेक्स्ट/प्लेन, मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा आणि फॉर्म-यूआरएलएन्कोडेड या तिघांना प्रीफ्लाइट लागत नाही, रिक्वेस्ट थेट येते, आणि लॉगिनची कुकी सेमसाइट लावून बंद केलेली नसेल तर तीही सोबत येते. तुमचा स्टारवाला पार्सर टेक्स्ट/प्लेनला शिवणार नाही कारण त्याला आतला पार्सर आहे, पण मल्टिपार्ट म्हणून आलेल्या जेसॉनला तो आनंदाने आत घेईल. म्हणजे सीएसआरएफसाठी (दुसऱ्या साइटने तुमच्या लॉगिनवर गुपचूप रिक्वेस्ट करणं) दार उघडं.

हे पुस्तकी नाहीये. २०२२ मध्ये खुद्द फास्टिफायमध्ये याच प्रकारची त्रुटी निघाली होती, सीव्हीई-२०२२-४१९१९, कंटेंट टाइप ओळखण्यात ढिलाई असल्यामुळे जेसॉनच घेणाऱ्या रूटपर्यंत प्रीफ्लाइट चुकवून पोचता येत होतं. ४.१०.२ आणि ३.२९.४ मध्ये दुरुस्त झाली. त्याच सुमारास रेगएक्ससाठीही (मजकूर जुळवायचा नमुना) इशारा आला, सुरुवातीला कॅरट (^) नसलेला रेगएक्स टाइप म्हणून दिला तर फास्टिफाय सिक्युरिटी वॉर्निंग दाखवतं. ती वॉर्निंग दाबून टाकू नका, रेगएक्स दुरुस्त करा.

जेवढे टाइप खरोखर येतात तेवढ्यांचीच नावं लिहा. ॲरे देता येतो, चार नावं असली तरी एकाच ओळीत बसतात.

---

घाटावरचा

कुकीचा मुद्दा लक्षात नव्हता आला. आमचं एक प्रोजेक्ट टोकन हेडरवर आहे त्यामुळे तिथे चालून गेलं असेल, पण दुसरं सेशन कुकीवर आहे, ते आजच बघतो. पण मग एक सांगा, ॲमेझॉनच्या एसएनएसचं (सूचना पाठवणारी सेवा) काय करायचं? ते जेसॉन पाठवतं आणि कंटेंट टाइप लिहितं टेक्स्ट/प्लेन. त्याच्यासाठीच आम्ही स्टार लावला होता मुळात.

---

चिंचवडकर

एसएनएसचं तेच आहे, टेक्स्ट/प्लेन, चारसेट यूटीएफ-८, आणि आत जेसॉन. म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे स्टार त्याला लागतच नाही, आतला टेक्स्टचा पार्सर लागतो. त्यालाही तोच उपाय. एसएनएसचा रूट वेगळ्या प्लगिनमध्ये, तिथे टेक्स्ट/प्लेनला स्वतःचा पार्सर, जो जेसॉन म्हणून वाचेल. आतले जेसॉन आणि टेक्स्टचे पार्सर असे बदलू देतात, पण तुम्ही स्वतः लावलेला पार्सर त्याच स्कोपमध्ये दुसऱ्यांदा लावायला गेलात तर आधीच आहे म्हणून एरर येतो. हॅजकंटेंटटाइपपार्सर ने आधी विचारता येतं, रिमूव्हकंटेंटटाइपपार्सर ने काढता येतो.

सीएसपी (पानावर काय लोड होऊ द्यायचं त्याचे नियम) रिपोर्टचीही अशीच गंमत आहे, ब्राउझर ॲप्लिकेशन/सीएसपी-रिपोर्ट म्हणून पाठवतो, नव्या पद्धतीत ॲप्लिकेशन/रिपोर्ट्स+जेसॉन म्हणून, आणि लोक म्हणतात आमच्याकडे एकही व्हायोलेशन येत नाही. येत असतात, सगळी ४१५ खाऊन परत जातात.

---

सांगलीकर_एसडीई

मी एक्सप्रेस (नोडचं) आणि जँगो (पायथनचं) या फ्रेमवर्कवाला आहे, तुलनेसाठी टाकतो. एक्सप्रेसमध्ये एक्सप्रेस डॉट जेसॉनला व्हेरिफाय नावाचा ऑप्शन आहे, त्यात बफर मिळतो, लोक तिथेच रॉबॉडी ठेवतात. किंवा त्या एका रूटला एक्सप्रेस डॉट रॉ लावतात, पण मग तो ग्लोबल जेसॉनच्या आधी यायला हवा, क्रम चुकला की बॉडी आधीच वाचून झालेला असतो. टाइप जुळला नाही तर एक्सप्रेस एरर देत नाही, चौथ्या आवृत्तीत रिकामा ऑब्जेक्ट मिळतो आणि पाचवीत अनडिफाइन्ड. मला विचाराल तर फास्टिफायचं ४१५ कितीतरी बरं, निदान कळतं तरी.

जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये बेसपार्सरवरून क्लास काढायचा, मीडिया_टाइप लिहायचा आणि पार्स मेथड, मग व्ह्यूला पार्सर_क्लासेस मध्ये द्यायचा. तिथे एक अडचण हमखास येते, रिक्वेस्ट डॉट डेटा आधी वाचला आणि नंतर रिक्वेस्ट डॉट बॉडी मागितला तर रॉपोस्टडेटाएक्सेप्शन येतं, कारण स्ट्रीम संपलेला असतो. सिग्नेचरसाठी बॉडी आधी वाचायचा, मग डेटा.

---

तिसरा_मजला

माझा प्रश्न जरा बाजूचा आहे पण धागा योग्य वाटला म्हणून इथेच. एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरला आमची सर्व्हिस जोडायचीय, समोरून एक्सएमएल येतं, टेक्स्ट/एक्सएमएल. वर लिहिल्याप्रमाणे पार्सर लावला, आत फास्ट-एक्सएमएल-पार्सर वापरलं, आकडे बघितले तर खाते क्रमांकांच्या सुरुवातीचे शून्य गायब आहेत, ००१२४५ चं १२४५ झालंय. आणि कधी व्यवहारांची यादी ॲरे येते तर कधी नुसता ऑब्जेक्ट. हे फास्टिफायमुळे होतंय का लायब्ररीमुळे?

---

बॅकएंडवाली

लायब्ररीमुळे, आणि दोन्ही ठरलेली वागणूक आहे. एक्सएमएलमध्ये टाइप नसतो, सगळा मजकूरच असतो, म्हणून ती लायब्ररी डिफॉल्टने आकड्यासारखं दिसलं की नंबर करते आणि सुरुवातीचे शून्यही आकड्याचेच धरते. पार्सटॅगव्हॅल्यू फॉल्स करा, सगळं स्ट्रिंग म्हणूनच घ्या, आणि रक्कम कुठली, तारीख कुठली ते तुम्ही स्वतः स्कीमात ठरवा. ॲट्रिब्यूटसाठीचा ऑप्शन वेगळा असतो, तोही बघा. खाते क्रमांक, पिनकोड, मोबाइल, आधार हे दिसायला आकडे असले तरी त्यांची कोणी बेरीज करत नाही, ते स्ट्रिंगच ठेवायचे. पतसंस्थेत खाते क्रमांक चुकला तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील हो, यात अजिबात चालढकल नको.

यादीचं असं की व्यवहार एकच असला तर लायब्ररीला कळायला मार्ग नाही की ही यादी आहे, म्हणून ती ऑब्जेक्ट देते, दोन आले की ॲरे. इझॲरे नावाचा ऑप्शन आहे, फंक्शन द्यायचं आणि या टॅगला नेहमी ॲरेच कर असं सांगायचं. एकच व्यवहार असलेल्या खात्याची टेस्ट जरूर लिहा.

आणि एक्सएमएल बाहेरून येतंय तर डॉकटाइप असलेला दस्तऐवज सरळ नाकारा. एन्टिटीच्या (डॉकटाइपमध्ये ठरवता येणारे संक्षेप) आत एन्टिटी घालून चार ओळींच्या फाइलमधून मेमरी संपवता येते, त्यावर बॉडीलिमिट (बॉडीच्या आकाराची मर्यादा) काही करू शकत नाही कारण आलेली फाइल छोटीच असते.

---

चिंचवडकर

बॉडीलिमिटचा विषय निघालाच तर, डिफॉल्ट १ मेबीबाइट असतं म्हणजे १०४८५७६ बाइट, त्याच्यावर गेलं की ४१३ (बॉडी फार मोठा). पार्सरच्या ऑप्शन्समध्ये बॉडीलिमिट वेगळं देता येतं, त्यामुळे एका प्रकारासाठी वाढवायचं म्हणून आख्ख्या सर्व्हरचं वाढवू नका. वेबहुकला तर उलट कमी करा.

पण हे लक्षात ठेवा, पार्सॲज दिलं नाही तर पार्सरला बफर मिळत नाही, कच्चा स्ट्रीम मिळतो. मोठ्या एनडीजेसॉन (दर ओळीला एक जेसॉन) फाइल ओळीओळीने वाचायच्या असतील तर तेच हवं असतं, पार्सरमधून स्ट्रीम तसाच पुढे द्यायचा आणि हँडलरमध्ये वाचायचा. मात्र ती मर्यादा फास्टिफाय बॉडी स्वतः गोळा करतं तेव्हाच तपासली जाते, स्ट्रीम तुमच्या हातात दिला की बाइट मोजायची जबाबदारी तुमची. हे न कळल्यामुळे कोणीही कितीही मोठी फाइल ढकलू शकेल असे रूट लोकांनी उघडे ठेवलेले मी बघितलेत.

---

सांगलीकर_एसडीई

@रानवारा, अजून एक पर्याय, फास्टिफाय-रॉ-बॉडी नावाचं तयार प्लगिन आहे. प्रीपार्सिंगमध्येच बाइट उचलून ठेवतं, तुम्हाला स्वतः पार्सर लिहावा लागत नाही. ग्लोबल फॉल्स करायचं आणि ज्या रूटला हवं तिथे कॉन्फिगमध्ये रॉबॉडी ट्रू. एन्कोडिंगही फॉल्स करा, नाहीतर स्ट्रिंग मिळते. एकाच रूटसाठी हे पुरतं.

---

रानवारा

सगळं वाचून पार्सरवालाच मार्ग घेतला, कारण पुढे अजून दोन ठिकाणचे वेबहुक येणार आहेत, तेही त्याच प्लगिनमध्ये बसतील. स्टेजिंगवर टाकलंय आणि मराठी नावाची सिग्नेचर जुळली!

पण दोन गोष्टी अडल्यात. एक, स्लॅश वेबहुक्सच्या बाहेरच्या रूटवर लॉग टाकून बघितला तर तिथेही रॉबॉडी भरलेला दिसतोय, म्हणजे पार्सर बाहेर गळतोय. दुसरं, मुद्दाम तुटकं जेसॉन पाठवलं तर ५०० येतोय, आधी ४०० (पाठवणाऱ्याची चूक) यायचा.

---

बॅकएंडवाली

पहिल्याचं कारण बहुतेक असं की तुमचा वेबहुक प्लगिन फास्टिफाय-प्लगिन नावाच्या रॅपरमध्ये गुंडाळलेला असणार. प्रत्येक प्लगिन त्यात गुंडाळायची खूप टीमना सवय असते. त्या रॅपरचं कामच स्कोपची भिंत काढणं हे आहे, डेटाबेस कनेक्शनसारख्या सगळीकडे लागणाऱ्या गोष्टींसाठी ते बरोबर, इथे मात्र भिंत हवीच आहे. रॅपर काढा, साधं असिंक फंक्शन रजिस्टर करा.

दुसऱ्याचं असं की पार्सरने दिलेल्या एररवर स्टेटसकोड नसला की फास्टिफाय त्याला ५०० समजतं. जेसॉन डॉट पार्सचा सिंटॅक्सएरर पकडून त्यावर स्टेटसकोड ४०० लावा आणि पुढे फेका. हे महत्त्वाचं आहे कारण वेबहुक पाठवणारे अपयश आलं की तीच गोष्ट परत परत पाठवतात, आणि ५०० बघून तुमच्या अलार्मना रात्री जाग येते ती वेगळीच.

त्याहून बरं म्हणजे जेसॉन डॉट पार्स स्वतः बोलवूच नका. फास्टिफाय आत सिक्युअर-जेसॉन-पार्स वापरतं, प्रोटो नावाची की घालून प्रोटोटाइप बिघडवायचा प्रयत्न केलेला जेसॉन ते नाकारतं, सुरुवातीला बॉम (मजकुराआधीचं अदृश्य चिन्ह) असला तर काढून टाकतं, आणि ४०० सुद्धा लावतं. स्वतःचा पार्सर लावला की हे सगळं बायपास होतं. गेटडीफॉल्टजेसॉनपार्सर बोलवून तो पार्सर हातात घ्या, दोन्ही आर्ग्युमेंटला 'एरर' ही स्ट्रिंग द्या, आणि तुमच्या फंक्शनमध्ये बफर ठेवून झाला की त्याची स्ट्रिंग करून याच्याकडे सोपवा. तो कॉलबॅकवाला आहे, म्हणून तुमचं फंक्शनही डनवालंच ठेवा.

---

तिसरा_मजला

मध्येच विचारतो, आमच्याकडे नावं शोधताना ऱ्ह वाली आडनावं सापडत नाहीत, कुऱ्हाडे वगैरे, कारण काही कीबोर्ड ऱ एकच कोडपॉइंट पाठवतात आणि काही र आणि खाली नुक्ता असे दोन. पार्सरमध्येच नॉर्मलाइझ करून टाकलं तर? सगळीकडे एकसारखं होईल.

---

चिंचवडकर

एनएफसी (युनिकोडची नॉर्मलाइझ करायची एक पद्धत) केलं की दोन्हींचं ऱ होतं, कल्पना चांगली आहे, पण जागा ती नाही. बफरला हात लावला की पुन्हा सिग्नेचर गेली. ऑब्जेक्टमधल्या नावाच्या फील्डवर, डेटाबेसमध्ये लिहिताना करा, आणि शोधायला येणाऱ्या शब्दावरही करा, नाहीतर जुन्या नोंदी तशाच राहतील.

---

रानवारा

रॅपरच होता. काढला, बाहेरचे रूट आता पूर्वीसारखे, आणि तुटक्या जेसॉनला ४०० येतोय. टेस्ट लिहायला घेतल्यात, इंजेक्टने (टेस्टमध्ये रिक्वेस्ट पाठवायची फास्टिफायची सोय). पण इंजेक्टला पेलोड म्हणून ऑब्जेक्ट दिला तर एस्केप केलेलं नाव जातच नाही, बरोबर ना?

शेवटचं एक, आत्तापर्यंत ज्या पावत्या अडकल्यात त्यांचं काय करू? लॉगमध्ये बॉडी आहे, हेडरमधली सिग्नेचरही आहे. स्क्रिप्ट लिहून पुन्हा तपासून घेता येतील का? संस्थेतले लोक विचारतायत, आणि काही देणगीदार वयस्कर आहेत, त्यांना परत परत फोन करायला लावणं बरं वाटत नाही.

---

बॅकएंडवाली

इंजेक्टबद्दल बरोबर आहे, ऑब्जेक्ट दिला तर तो स्वतः स्ट्रिंगिफाय करतो, म्हणजे टेस्टमध्ये नेमका तोच फरक पुसला जातो. पेलोड कायम स्ट्रिंग किंवा बफर द्या, कंटेंट टाइपचं हेडर हाताने लिहा, आणि बॅकस्लॅश यू वाली नावं, एस्केप केलेला स्लॅश, ४९९.०० अशी रक्कम, हे सगळं असलेला एक खराखुरा नमुना फाइलमध्ये ठेवून तोच वापरा. फाइल एडिटरने सेव्ह करताना शेवटी नवीन ओळ घालत नाहीये ना तेवढं बघा, त्या एका बाइटनेही सिग्नेचर बदलते.

जुन्या पावत्यांचं, लॉगमध्ये जो बॉडी आहे तो पार्स झाल्यानंतरचा आहे का? तसा असेल तर त्यावरून सिग्नेचर परत तपासता येणार नाही, मूळ बाइट कुठेच उरलेले नाहीत. अंदाजाने एस्केप करून जुळवून बघायचा मोह होईल, काही जुळतीलही, पण पैशांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. पेमेंटवाल्यांच्या डॅशबोर्डवर अपयशी वेबहुक परत पाठवायची सोय आहे का बघा, नसेल तर लॉगमधला पेमेंट आयडी घेऊन त्यांच्या एपीआयला एकेकाचं स्टेटस विचारा, ते उत्तर थेट त्यांच्याकडून येतं म्हणून ते धरायला हरकत नाही. परत पाठवायच्या आधी मात्र इव्हेंट आयडीवर युनिक इंडेक्स लावा, कारण संस्थेने यातल्या काहींना हाताने पावत्या दिल्याही असतील, आणि एकाच देणगीच्या दोन ८०जी पावत्या निघाल्या तर तो हिशोब निस्तरणं फार अवघड जाईल. ज्यांना हाताने दिल्यात त्यांची यादी आधी संस्थेकडून घ्या, ते पेमेंट आयडी वगळा, मग बाकीचे परत पाठवा.

---

रानवारा

यादी मागवलीय, संस्थेकडे वहीत आहे, उद्या फोटो पाठवतायत. इंडेक्स आत्ताच लावतो.